‘फेअर’ला मराठीत काय म्हणायचे?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसले. त्यांचा दोन वह्यांचा दंडक तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. एक रफ वही, एक फेअर वही. रफ वहीत काहीही चाले: खाडाखोड, शाईचे डाग, समासात काढलेली बैलगाडी. फेअर वहीत मात्र एक अक्षर खोडलेले दिसले की पुढच्या पानावर सगळा धडा पुन्हा लिहावा लागे. पान फाडायची सोय नव्हती. शिवणीतला दोरा सैल झालेला त्यांच्या बोटांना लगेच कळे. ‘धडा फेअर केलास का?’ हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला की फेअर हा शब्द इंग्रजी आहे, हे पुढे कितीतरी वर्षे माझ्या ध्यानातच आले नाही. पाटी, दौत, टाक यांच्यासारखाच तो मला घरचा वाटे.

पुढे मी स्वतः इंग्रजी शिकवू लागले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात माझी सगळी नोकरी गेली. तिथल्या नववीच्या वर्गातला एक तास मी आज इथे घेऊन आले आहे. गाळप हंगाम तोंडावर होता, कारखान्यांनी उसाच्या पैशाची पहिली उचल जाहीर केली नव्हती आणि हमरस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर अडवले जात होते. धड्यात फेअर हा शब्द आला. अर्थ विचारल्यावर पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘बाई, फेअर म्हणजे गोरा. क्रीमवर लिवलेलं असतंय.’’ मी ‘बरोबर’ म्हणणार, तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक मुलगा उठला. ‘‘मग बाई, एफआरपीतला एफ?’’

वर्गात कोणी हसले नाही. निम्म्या मुलांच्या घरचा ऊस फडात उभा होता आणि एफआरपी ही अक्षरे त्यांच्या जेवणाच्या ताटापर्यंत पोचलेली होती. मी म्हटले, तिथे त्याचा अर्थ रास्त. फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. तो काही खाली बसेना. ‘‘गोरा पण तोच आणि रास्त पण तोच? असं कसं?’’ घंटा झाली आणि मी सुटले. पण त्याचा प्रश्न माझ्यापाशी राहिला. आज जे बोलणार आहे ते मी त्या मुलाचे देणे समजते.

शब्दाच्या मुळापासून सुरुवात करते. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता सुंदर, डोळ्यांना सुखावणारा. रंगाचा त्यात संबंध नव्हता. झाड फेअर, घर फेअर, बोलणे फेअर. त्याच्या गॉथिक भाषेतल्या भावंडाचा अर्थ तर आणखी साधा आहे: योग्य, कामी येणारा. जे जिथल्या तिथे नीट बसते ते देखणे, असा काहीसा विचार या कुळाच्या मागे असावा असे मला वाटते. सुताराने चौकटीत दार बसवले, ते कुठे घासत नाही, कुठे फट नाही, की आपणही ‘छान बसलंय’ म्हणतो. ‘छान’ आणि ‘बसणे’ तिथे एकत्र येतात.

मग सुंदरपासून पुढची पायरी आली: बिनडाग. ज्यावर डाग नाही ते फेअर. त्या काळी फेअरचा विरुद्धार्थी शब्द काळा हा नव्हताच; तो होता फाऊल, म्हणजे घाण, नासलेले, ओंगळ. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’च्या पहिल्याच प्रवेशात चेटकिणी हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसवतात आणि पुढच्या सगळ्या नाटकाची घडी तिथेच विस्कटते. आजही कबड्डीच्या मैदानावर आपली पोरे ‘फाऊल’ म्हणून ओरडतात, तेव्हा नकळत ती जुनी जोडीच जागी करतात.

बिनडाग या एका अर्थापासून तीन वाटा फुटल्या. कागद बिनडाग असला की ती फेअर कॉपी. गुरुजींची वही त्या वाटेवरची. सरकारी कचेरीतही आधी मसुदा होतो, तो मंजूर झाला की त्याची स्वच्छ प्रत. वागणे बिनडाग असले, मनात काळेबेरे नसले, की तो माणूस फेअर. ही न्यायाची वाट. आणि कातडी बिनडाग असली की, म्हणजे कोणाच्या तरी डोळ्यांना ती बिनडाग वाटली की, ती फेअर. ही गोरेपणाची वाट. त्या मुलाला तेव्हा एवढेच सांगता आले असते तर बरे झाले असते: बाळ, हे एकाच घरातले तीन भाऊ आहेत. एक शाळेत गेला, एक कोर्टात गेला आणि एक क्रीमच्या डबीत जाऊन बसला.

या तिसऱ्या भावाविषयी मला थोडे थांबून बोलायचे आहे. सुंदर या शब्दाला गोरा हा अर्थ चिकटला, म्हणजे भाषेने न बोलता एक निकाल दिला. सावळ्या माणसाने सुंदर व्हायचे कसे, ही वाटच शब्दाने बंद केली. शेक्सपिअरला हे टोचले असावे. १६०९ साली छापल्या गेलेल्या त्याच्या सुनीतांत एका सावळ्या स्त्रीविषयीची सुनीते आहेत आणि त्यांत फेअरचे गोरी आणि सुंदर हे दोन अर्थ एकमेकांशी अक्षरशः झगडतात. जिच्यावर प्रेम आहे तिला सुंदर म्हणायला भाषेत धड शब्द नाही, ही ती अडचण.

मराठीत ही अडचण यायला नको होती. आपल्याकडे गोरा वेगळा आणि सुंदर वेगळा. देखणी, सुरेख, नाकीडोळी नीटस, तरतरीत, ठसठशीत. यांतल्या एकाही शब्दाला रंग नाही. शिवाय आपल्या सर्वांत लाडक्या देवाकडे पाहा. पांडुरंग या नावातला पांडु म्हणजे फिकट, पांढुरका; आणि विटेवरची मूर्ती आहे काळ्या पाषाणाची. नाव गोरे, रूप काळे, आणि शतकानुशतके त्या रूपाला सावळा म्हणताना वारकऱ्याच्या तोंडातून सौंदर्याचाच उच्चार होतो. सावळा हा शब्द त्याने पंढरपुरात कमीपणाचा राहू दिला नाही.

पण पंढरपुराहून परतलेला तोच माणूस मुलाचे लग्न जमवताना काय म्हणतो? ‘मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.’ तो ‘पण’ इंग्रजांनी आणलेला नाही. गोरीगोमटी आणि काळीबेंद्री हे शब्द आपलेच आहेत. तेव्हा दोष परक्या शब्दावर ढकलून मोकळे होता येणार नाही. आपल्याच मनात एक खड्डा होता आणि फेअर हा शब्द त्यात अचूक येऊन बसला. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली आणि पुढची ४५ वर्षे खेड्यापाड्यांतल्या मुलींनी इंग्रजीचे हे विशेषण त्या गुलाबी-पांढऱ्या नळीवर वाचले. २०२० मध्ये कंपनीने नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केले. फेअर निघून गेले ते चांगलेच झाले. पण माझ्या वर्गातल्या मुलीसाठी शब्दाचा अर्थ ठरून गेला होता. शब्दकोश कपाटात होता आणि नळी आरशापुढे होती.

जाता जाता एक. ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक १९५६ चे, बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वर बेतलेले. नावात फेअर म्हणजे सुंदर, आणि शिवाय लंडनच्या श्रीमंत मेफेअर वस्तीचा ध्वनी. त्या मेफेअरमधला फेअर मात्र निराळ्याच कुळातला, लॅटिनमधून आलेला. त्याचा अर्थ जत्रा. पुस्तकांच्या बुक फेअरमधला तो हाच. उच्चार एक, कूळ दोन. पु. ल. देशपांड्यांनी शॉचे तेच नाटक मराठीत आणले तेव्हा नावात ना गोरी घेतली ना सुंदरी. त्यांनी ‘ती फुलराणी’ म्हटले. फुले विकणारी पोर आणि राणी एका शब्दात आली, रंगाचा प्रश्नच उरला नाही. असे नाव सापडायला भाषा हाडीमाशी मुरलेली असावी लागते.

हवामानातला फेअर मी थोडक्यात सांगते. जुन्या वायुभारमापकाच्या तबकडीवर वादळ, पाऊस, बदल आणि मग फेअर अशी अक्षरे असत. आपला त्यासाठीचा शब्द उघडीप. आणि चार दिवसांच्या झडीनंतर ‘आज उघडीप आहे’ म्हणताना आवाजात जो हलकेपणा येतो, तो फेअर वेदरमध्ये मला कधी ऐकू आला नाही. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत ‘फेअर वेदर रोड’ पानोपानी भेटतात: पावसाळ्यात बंद पडणारे, पाऊस सरल्यावर चालते होणारे रस्ते. कोकणच्या किनाऱ्यावरची बोटही तशीच असे, दर्या शांत झाला की पुन्हा सुरू होणारी. इथे फेअर म्हणजे वापरण्याजोगे. मूळच्या गॉथिक अर्थाशी पुन्हा गाठ पडली.

आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकातला फेअर? तो गुडच्याही खालचा. सुंदर म्हणून जन्मलेला शब्द इथे ‘बरा’ होऊन बसला. आपला बरा तरी काय वेगळा? ‘बरा माणूस’ म्हणजे चांगला, ‘बरा झाला’ म्हणजे आजारातून उठला आणि ‘निकाल बराय’ म्हणजे विचारू नका. हा मधलेपणा नुसता शाळेत राहिला असता तर मी त्याचा उल्लेख केला नसता. पण १९४८ मध्ये भारत सरकारने फेअर वेजेस, म्हणजे रास्त वेतन, यावर समिती नेमली. तिने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: तळाशी किमान वेतन, वर माणसाला माणसासारखे जगता येईल असे निर्वाह वेतन, आणि या दोहोंच्या मध्ये रास्त वेतन, धंद्याला झेपेल तेवढे. म्हणजे फेअर हे जगण्याला पुरेसे असेलच असे नाही. हे वाचले त्या दिवशी मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. रास्त हा शब्द आपण किती मोठा समजतो आणि कागदावर त्याची उंची किती ठेवली होती!

आता न्यायाच्या वाटेवर येते. इथे इंग्रजी शब्दाचे मूळ घर कोर्ट नव्हे, खेळाचे मैदान आहे. ‘फेअर प्ले’ हा जोडशब्द शेक्सपिअरच्या काळातला. ‘टेम्पेस्ट’च्या शेवटी मिरांडा आणि फर्डिनंड बुद्धिबळ खेळत असतात तिथे तो मिरांडाच्या तोंडी आहे. नियम दोघांनी मानलेले, डाव दोघांचा, आणि कोणी पाहत नसले तरी ते पाळायचे. आना विएर्झबिट्स्का या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी २००६ साली इंग्रजीच्या अर्थविश्वावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की फेअर ही कल्पना खास इंग्रजी भाषकांची आहे आणि युरोपातल्या इतर भाषांतही तिला नेमका शब्द नाही. जर्मन लोकांनी तर फेअर हा शब्द जसाच्या तसा उचलला. तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९५८ च्या निबंधात आणि मग १९७१ च्या ग्रंथात न्यायाची व्याख्याच फेअरनेसने केली. म्हणजे समाजाचे नियम ठरवताना आपण श्रीमंत होणार की गरीब, हे कोणालाच ठाऊक नाही असे समजून ते ठरवायचे. अशा अंधारात बसून केलेले नियम फेअर.

हे वाचताना मला माझ्या माहेरची वाटणी आठवली. शेताचे दोन वाटे थोरल्या काकांनी पाडले आणि आधी उचलायचा हक्क धाकट्याला, म्हणजे माझ्या वडिलांना दिला. ‘पाडणाऱ्याने मागून घ्यायचं’ एवढेच आजी म्हणाली. विहिरीची पाळी, आंब्याचे झाड, बांधावरची वाट, सगळे काकांनी इतके तोलून पाडले होते की वडिलांना निवड करायला दोन दिवस लागले. आजी कधी शाळेत गेली नव्हती.

मैदानावरचा फेअर किती निसरडा असतो ते पाहायचे तर १३ डिसेंबर १९४७ चा सिडनीचा कसोटी सामना पाहा. मुंबईकडून खेळलेले विनू मांकड गोलंदाजी करत होते. समोरच्या टोकाचा नव्हे, त्यांच्याच बाजूचा फलंदाज बिल ब्राउन चेंडू सुटण्याआधीच क्रीज सोडून पुढे सरकला होता. मांकडांनी हात थांबवला आणि यष्ट्यांवरच्या बेल्स उडवल्या. ब्राउन धावचीत, १८ धावांवर. त्याच दौऱ्यातल्या आधीच्या एका सामन्यात मांकडांनी ब्राउनला ताकीद दिली होती आणि मग असेच बादही केले होते. तरीही बोंब झाली ती मांकडांच्या नावाने. बाद करण्याच्या त्या प्रकारालाच त्यांचे नाव चिकटले, एखाद्या शिवीसारखे. डॉन ब्रॅडमन प्रतिपक्षाचे कर्णधार. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात मांकडांचे काही चुकले नाही असे स्पष्ट लिहिले. पण शब्द लोकांच्या तोंडी बसला तो बसलाच.

नियमपुस्तकात हे कलम कुठे होते ते ऐका. ‘अनफेअर प्ले’ या मथळ्याखाली. आणि त्या कलमाचे शीर्षक काय? चेंडू सुटण्यापूर्वी फलंदाजाने जागा सोडणे. म्हणजे बारकाईने वाचले तर लबाडी क्रीज सोडणाऱ्याची होती; पण त्या मथळ्याची सावली पडत राहिली ती बाद करणाऱ्यावर. अखेर २०२२ मध्ये नियम करणाऱ्या एमसीसीने ते कलम तिथून उचलून धावचीतच्या कलमात नेले. १ ऑक्टोबरपासून बदल लागू झाला. त्याच्या एकच आठवडा आधी, २४ सप्टेंबरला, लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला असेच बाद केले आणि पुन्हा तीच बोंब झाली. मांकड १९७८ मध्ये वारले. त्यांच्यावरचा तो ठपका निघायला पाऊणशे वर्षे लागली. एका विशेषणाच्या खाली नाव छापले गेले की काय होते, याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

मग मराठीत फेअर नाही का? विएर्झबिट्स्का बाईंचे म्हणणे मी बरीच वर्षे खरे मानत होते. इंग्रज मूल उठता-बसता ‘हे फेअर नाही’ म्हणते. मराठी मूल काय म्हणते, असा मला प्रश्न पडे. ‘हा अन्याय आहे’ असे काही ते म्हणत नाही. मग एकदा मी मुलांच्यात नुसती कान देऊन बसले. गोट्या खेळताना एक म्हणाला, ‘‘हा रडीचा डाव!’’ खाऊ वाटताना एक मुलगी म्हणाली, ‘‘तिला जास्त, मला कमी. डावं-उजवं करतीयास.’’ आणि मला एकेक शब्द दिसू लागला. आपल्याकडे फेअर नाही. पण जे फेअर नाही त्याला आपण किती नेमकेपणाने ओळखतो!

पंक्तिप्रपंच घ्या. जेवायला एका पंक्तीत बसलेल्यांना वाढताना एकाच्या पानात तुपाची धार आणि दुसऱ्याच्या पानात थेंब, याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे. वाढणारी बाई वाकते, धार सोडते, आणि पुढच्या पानावर तिचा हात किंचित आखडतो. तेवढ्या आखडण्याला आपण नाव दिले. झुकते माप घ्या. दुकानदाराने पारडे ओळखीच्या गिऱ्हाइकाकडे झुकवायचे. मापात पाप. दुजाभाव. आपपरभाव. तोंड पाहून वागणे. इंग्रजीने आपला फेअर मैदानावर तयार केला. मराठीने आपला पंक्तीत, तराजूवर आणि वाटणीत. म्हणून तो नियमांचा कमी आणि वाट्याचा जास्त आहे. मांकडांचा प्रश्न मराठी मनाला तितका भिडत नाही, पण काट्यात मारलेले दहा किलो आयुष्यभर विसरत नाही.

आणि याच वाटेने रास्त आपल्याकडे आला. हा शब्द फारसी. रास्त म्हणजे सरळ. संस्कृतातला ऋजु, इंग्रजीतला राइट आणि हा रास्त, तिघांचे मूळ एकच, सरळ रेषेशी नाते सांगणारे. मराठीने तो भावाला, मागणीला, तक्रारीला लावला, माणसाला नाही. ‘तो माणूस रास्त आहे’ असे आपण म्हणत नाही. त्याला सरळ म्हणतो, न्यायी म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, मुंबईत रेशनिंग आले. पुढे गावोगावच्या ‘फेअर प्राइस शॉप’वर ‘रास्त भाव दुकान’ ही पाटी लागली. मुंबईत त्यालाच अधिकृत शिधावाटप दुकान म्हणतात, पण शिध्यापेक्षा मला रास्त भाव जवळचा वाटतो. आमच्या गावी ती पाटी निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत होती आणि खाली खडूने गहू, तांदूळ, साखर, रॉकेल यांचे भाव आणि शिल्लक लिहिलेली असे. शिल्लक पुष्कळदा निरंक असे. माझी आई रांगेत उभी राहून त्या फळ्याकडे पाहत असे. तिला वाचता येत होते ते भावाचे आकडे. पण मला वाटते, रास्त हा शब्दही तिने त्याच फळ्यावर वाचला आणि तो खरा की खोटा, हे रॉकेलच्या डब्यावरून ठरवले.

एफआरपीची गोष्ट याच शब्दाची. २००९ पर्यंत उसाला केंद्र सरकार ठरवी ती वैधानिक किमान किंमत. मग नाव बदलले: किमानच्या जागी रास्त आणि किफायतशीर. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, हा नियम. २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये जाहीर झाले. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. शेतकऱ्याचे भांडण आकड्याशी आहेच, पण पहिली उचल, दुसरी उचल अशा तुकड्यांशीही आहे. एकरकमी द्या, असे तो म्हणतो. कारण तुकड्यातुकड्यांनी आलेल्या पैशाला रास्त म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. त्याच्या लेखी रास्त हे विशेषण रकमेला जेवढे लागते, तेवढेच तारखेला लागते. कोशात हा अर्थ नाही. तो घालायला हवा.

कायद्यात मात्र एक घोटाळा आहे, तो मी सांगितल्याशिवाय राहणार नाही. राज्यघटनेच्या मराठी पाठात ‘वाजवी निर्बंध’ आहेत. मूळ शब्द रीझनेबल. वाजवी हा अरबी वाजिबचा वंशज. मनेका गांधी खटल्यात २५ जानेवारी १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणाचे स्वातंत्र्य काढून घ्यायचे तर त्याची नुसती कायद्याने ठरलेली रीत पुरत नाही. ती रीत जस्ट, फेअर आणि रीझनेबल हवी. तीन शब्द, आणि आपल्याकडे तीन शब्द तयार आहेत: न्याय्य, रास्त, वाजवी. ते जागच्या जागी ठेवले तर काही बिघडत नाही. पण आपण फेअरलाही वाजवी म्हणतो, कधी उचित म्हणतो, आणि मग रास्त फक्त रेशनच्या पाटीवर उरतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या नावात फेअर नव्हताच. ११९ वर्षांनी, २०१३ मध्ये, नव्या कायद्याच्या नावातच ‘फेअर काँपेन्सेशन’ आले. ज्याची जमीन धरणाखाली जाते आहे त्याला मिळणारी भरपाई वाजवी म्हटली, तर ती हिशेबाला धरून झाली. रास्त म्हटली, तर ती त्याच्याकडे सरळ पाहून देता यायला हवी. मी भाषांतर करणाऱ्यांना हात जोडून विनंती करते: फेअर आला की रास्त लिहा. तो शब्द आपल्या आयांनी रांगेत उभे राहून कमावलेला आहे.

शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाला हे सगळे सांगायला मी आता शोधत नाही. तो आता चांगला तिशीकडे झुकलेला बाप्या असेल. पण गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगून थांबते.

आमच्या गावी वधू-वर मेळावा होता. नावनोंदणीच्या टेबलावर मला बसवले होते. छापील अर्जात नाव, जन्मतारीख, शिक्षण, उंची आणि त्यानंतर एक रकाना: वर्ण. एक मुलगी आईबरोबर आली. नर्सिंग झालेली, तालुक्याच्या गावी नोकरीला. मी एकेक रकाना भरत वर्णापाशी आले तशी आई खुर्ची पुढे ओढून म्हणाली, ‘‘निमगोरा लिवा बाई.’’ मुलगी म्हणाली, ‘‘आई, वर फोटो लावलाय की.’’ आई म्हणाली, ‘‘तू गप.’’ मी पेन धरून थांबले. मुलीने अर्ज हळूच स्वतःकडे फिरवला, माझ्या हातातले पेन मागितले आणि त्या रकान्यात लिहिले: सावळा. मग म्हणाली, ‘‘बाई, बाकीचं पण मीच भरते.’’ छंद, अपेक्षा, पत्ता, सगळे तिने तिथेच लिहून काढले. अक्षर सरळ, शब्दांमध्ये सारखे अंतर, दोन पानांत कुठे एक खाडाखोड नाही. गुरुजींनी हे पान पाहिले असते तर खाली तांबड्या शाईने सही केली असती.

तिचा क्रमांक ३७ होता. तो अर्ज मी ३६ च्या खाली ठेवला आणि पुढच्या मुलीला बोलावले.